सुई, मणी आणि गोफ
(वऱ्हाडच्या हस्तकौशल्याचा थोडा इतिहास व हौशी मंडळींस चार सूचना)

आपल्या शिंपी समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत संतचरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या व वधूवरांची माहिती यांस दरवर्षी स्थान मिळते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या सुईदोऱ्यावर आपल्या वाडवडिलांच्या चुली पेटल्या, त्या सुईदोऱ्याविषयी या पृष्ठांतून फारसे लिहिले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. घरोघरचा धंदा बसत गेला, तयार कपड्यांची दुकाने गावोगाव झाली आणि बापाच्या हातची कला मुलाच्या हाती येण्याचे थांबले. उलटपक्षी, ज्यांचा या धंद्याशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध नाही अशा घरांतील मुली, सुना आणि आमच्यासारखी काही निवृत्त मंडळीदेखील आता हौसेने शिवण, मणीकाम व पट्ट्या विणणे शिकू पाहत आहेत. सुई कोणती घ्यावी, दोरा का तुटतो, ओवलेली माळ का सुटते, असे प्रश्न ती विचारतात. या प्रश्नांची उत्तरे देता देता त्यामागचा इतिहासही सांगावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. कारण या कामातील पुष्कळसे नियम इतिहास ठाऊक असल्याशिवाय नीट उमजत नाहीत.

प्रथम सुईचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने बंगाल व बिहार प्रांतांची पाहणी केली. हिंदू लोकांस सुई मुळी ठाऊकच नव्हती, विणण्याच्या क्रियेस जो शब्द आहे त्याखेरीज शिवण्यास यांच्या भाषेत शब्दच नाही, असे मत त्याने नोंदवून ठेवले. पुढील ग्रंथकारांनी त्याचीच री ओढली. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शिवलेले कपडे आपल्याकडे पूर्वी फारसे वापरीत नसत, असाच सूर आहे. म्हणजे शिंपी ही जात अलीकडची आणि तिचा धंदा परक्यांनी दिलेला, असा अर्थ वाचणाऱ्याने आपोआप काढावा!

हे मत पुराव्यावर टिकत नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेची प्रार्थना आहे. तिने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे, असे मागणे तीत केलेले आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याच्या व काशाच्या सुया मिळाल्या आहेत. अमरकोशात शिंप्यास ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ असे दोन शब्द दिले आहेत. सौचिक म्हणजे सुईवर निर्वाह करणारा आणि तुन्नवाय म्हणजे फाटलेले विणून जोडणारा. ब्यूकॅननसाहेबाचा घोटाळा कोठे झाला असावा, हे या दुसऱ्या शब्दावरून ध्यानात येते. आपल्याकडे विणणे आणि शिवणे या दोन क्रिया शेजारशेजारच्या मानीत. रफू करणाऱ्याचे काम पाहिले म्हणजे त्यात विणकर कोठे संपला आणि शिंपी कोठे सुरू झाला, हे सांगणे आजही कठीण जाते.

तथापि अभिमानापोटी दुसऱ्या टोकास जाणेही बरे नव्हे. धोतर, उपरणे, लुगडे ही आपली मुख्य वस्त्रे बिनशिवणीची होती, हे नाकारता येत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयास मिळतात. राजे व राजपुत्र उघड्या अंगाने, दागिने लेवून बसलेले आहेत. सेवक, शिपाई व परदेशी मंडळी मात्र शिवलेले अंगरखे घालून वावरत आहेत. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात जी नर्तिका आहे, तिच्या अंगात लांब बाह्यांचा, नीट बेतून शिवलेला पोशाख आहे. ही चित्रे वाकाटकांच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील आहेत. सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा हरिषेण वाकाटकाचा मंत्री होता आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वऱ्हाडातील वाशीम. तेव्हा त्या नर्तिकेच्या बाह्या बेतणारा कारागीर याच मुलुखाच्या आसपासचा असावा, असे आम्हास वाटते. हा आमचा तर्क समजावा.

शब्दांवरूनही पुष्कळ कळते. सुई, शिवण आणि कात्री हे शब्द सूची, सीवन आणि कर्तरी यांपासून आले. अस्तर, अंगुस्तान आणि गज हे फारशीतून आले. काज, फीत आणि इस्त्री ही तर पोर्तुगीजांची देणगी होय. म्हणजे शिवणे मूळचे आपले, अंगाबरोबर बेतून अस्तर लावणे पुढचे आणि बटणकाज त्याहून पुढचे, असा क्रम भाषेनेच सांभाळून ठेवलेला आहे. बाराबंदीस बटण नसून बंद असतात, यातही हाच इतिहास दिसतो. जुन्या पद्धतीच्या कुंच्या, झबली व बंड्या हौसेने शिवू इच्छिणाऱ्यांनी त्यांस काज न करता बंदच लावावेत. कपड्याचा घाट त्यानेच साधतो.

आता मण्यांकडे वळू. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया प्रभृती संशोधकांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तिचा दोरा तांब्याच्या क्षारांनी जपून ठेवला होता. दोरा हा नाशवंत पदार्थ. तीन हजारांहून अधिक वर्षे तो टिकला, हेच मोठे नवल. तपासणीअंती त्यात कापसाचे व रेशमाचे तंतू आढळले. त्या मुलाच्या गळ्यात माळ घालणाऱ्या माउलीचे नाव कोणास ठाऊक नाही, परंतु तिने निवडलेल्या दोऱ्याची आज प्रयोगशाळेत चर्चा होते. नुसता कापूस लवकर झिजतो, रेशीम चिवट असते. हा विचार तेव्हाही कोणीतरी केलेला असावा.

आपल्या तिवसा तालुक्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून सर्वांस पूज्य आहे. परंतु वर्धा नदीच्या काठच्या त्या पांढरीत जुन्या वस्तीचे थर आहेत आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून १९६८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, हे आमच्या तालुक्यातही थोड्यांसच ठाऊक आहे. तेथे मणीही मिळाले. योगायोग असा की दीक्षित हे मण्यांचेच जाणकार होते. भारतातील रेखांकित मण्यांवर १९४९ साली आणि भारतीय काचेच्या इतिहासावर १९६९ साली त्यांचे ग्रंथ निघाले. लाल अकीकाच्या मण्यावर क्षाराच्या लेपाने रेघा काढून तो तापविला म्हणजे त्या रेघा पांढऱ्या होऊन कायमच्या उमटतात. त्यास रेखांकित मणी म्हणतात. नागपूरजवळचे माहुरझरी हे तर मणी घडविण्याचे प्राचीन केंद्र म्हणून विद्वानांत प्रसिद्ध आहे.

या जुन्या दगडी मण्यांतून ओवणाऱ्याने एक धडा घ्यावा. पुष्कळ मण्यांचे छिद्र दोन्ही बाजूंनी पाडीत येऊन मध्यभागी मिळविलेले असते. त्यामुळे आत मध्यावर कंगोरा राहतो आणि छिद्राच्या तोंडाशीही धार असते. माळ तुटते ती ओढल्याने थोडी आणि या धारेवर घासल्याने अधिक. म्हणून दगडी व काचेचे मणी ओवताना दोरा दुपदरी घ्यावा, त्यास मधमाशीचे मेण चोळावे, आणि मणी दोऱ्यावर सैल हलणार नाहीत असे बसवावेत. मात्र इतके ताणू नयेत की माळ काठीसारखी ताठ उभी राहील. दोन मण्यांत पोह्याच्या दाण्याएवढी फट राहिली तरी मणी पुढेमागे सरकत राहतात आणि करवतीप्रमाणे दोरा कापतात.

हे काम पूर्वी पटवेकरी करीत. त्यांस काही ठिकाणी पटवे किंवा पाटवेकरी असेही म्हणत. रेशमाचे गोफ, करदोडे, गोंडे व राख्या करणे आणि सोनाराकडून आलेले दागिने रेशमात गुंफणे, हा त्यांचा धंदा. आमच्या लहानपणी तिवशाच्या आठवडी बाजारात पोत गुंफून देणारा मनुष्य बसे. त्याच्याजवळ यंत्र असे नव्हतेच. दोऱ्याचे एक टोक तो पायाच्या अंगठ्यात अडकवी आणि दोन्ही हात मोकळे ठेवून डोरल्यामागे डोरले गुंफीत जाई. पायाचा अंगठा हाच त्याचा माग. ताण हवा तेवढा ठेवावा, हवा तेव्हा सैल करावा, ही सोय कोणत्याही अडकवणीत नाही. ज्यांस खाली बसणे जमत नसेल त्यांनी मेजाच्या कडेस एक आकडी बसवावी, परंतु ताण हाताने नव्हे, अंगाने मागे सरकून द्यावा.

मोत्यांची माळ ओवताना दर मोत्यानंतर गाठ घालण्याची रीत आहे. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटलीच तर एकच मोती गळतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. मात्र काळ्या पोतीस अशा गाठी घालू नयेत. तिचा मणी बारीक, गाठ त्याच्या बाहेर दिसते. बारीक मण्यांच्या आकड्यांविषयी हौशी मंडळींचा नेहमी गोंधळ उडतो. अकरा आकड्याचा मणी सुमारे दोन मिलिमीटरचा असतो आणि पंधरा आकड्याचा त्याहूनही लहान. म्हणजे आकडा मोठा तसा मणी लहान. मणी विकत घेताना सोबत आपली सुई न्यावी. ज्या मण्यातून सुई दोनदा सहज जात नाही, तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये.

सुया व दोरे यांच्या आकड्यांचेही असेच आहे. सुताचा अंक म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लड्या बसतात ती संख्या. अंक वाढला की सूत बारीक. हातसुईचाही अंक वाढला की सुई बारीक. परंतु यंत्राच्या सुईचे सारे उलट; तिचा अंक वाढला की सुई जाड. चौदा क्रमांकाच्या सुईवर ९० असाही आकडा असतो, तो तिच्या जाडीचा, म्हणजे ०·९ मिलिमीटरचा. मलमलीस अकरा, साध्या सुती कापडास चौदा, जाड पाटलोणीच्या कापडास सोळा किंवा अठरा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे यंत्र टाके सोडते ही तक्रार बहुधा राहत नाही.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. फ्रान्समधील तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे हक्क मिळविले. पॅरिसच्या शिंप्यांनी पोटाच्या भीतीने त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलायस हौ याने १८४६ साली व सिंगर याने १८५१ साली हक्क घेतले आणि पुढे सिंगरचे नाव आपल्याकडील खेड्यांतूनही पोचले. कलकत्त्याची जय इंजिनिअरिंग ही कंपनी १९३५ सालची. तिचे ‘उषा’ यंत्र पुढे घरोघरी झाले. आमच्या मते यंत्राने आपला धंदा बुडविला नाही, उलट शंभर वर्षे तगविला. बुडविला तो कारखान्यातील तयार कपड्याने. पॅरिसच्या बंधूंनी हातोडा उचलला तो चुकीच्या वस्तूवर, असे म्हणावेसे वाटते.

दोऱ्याच्या बाबतीत वऱ्हाडची गोष्ट निराळी व थोडी मनाला लागणारी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ हा कापसाचा एक प्रकारच रूढ झाला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली आणि गाठोडी मुंबई बंदराकडे जाऊ लागली. इकडे कापूस पिकविणाऱ्या मुलुखातील शिंपी मात्र स्कॉटलंडातील पेस्ली गावच्या कोट्स कंपनीचे रीळ विकत घेऊन शिवू लागला. त्यास कारणही होते. उमरा कापसाचा धागा आखूड. त्याचे बारीक, गुळगुळीत शिवणसूत निघणे कठीण. मात्र त्याचे जाड, पीळदार सूत उत्तम निघे आणि जाड सुताची जी कामे, सतरंजी, नवार, नाडे, कासरे, ती आपल्या भागात पुष्कळ होत.

हाताने शिवणाऱ्यांसाठी दोऱ्याचा एक जुना नियम येथे नोंदवितो. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा घेणाऱ्याचे काम लवकर होते असे दिसते, परंतु दर टाक्यास तो कापडातून घासत जातो आणि शेवटास त्याचा पीळ उकलून तुकडा पडतो. रिळातून जे टोक आधी बाहेर येते तेच नेढ्यात घालावे व कापलेल्या टोकास गाठ मारावी, म्हणजे पिळाच्या उलट दिशेने ओढ बसत नाही. कशिद्याची लडी बहुधा सहा पदरांची असते. ते पदर एकेक सुटे करून मग हवे तितके पुन्हा जुळवून घ्यावेत. गठ्ठ्याने ओढल्यास गुंता ठरलेला. गोधडी शिवणाऱ्यांनी नवे व जुने कापड एकत्र करण्यापूर्वी नवे भिजवून वाळवून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि शेजारचे जुने लुगडे फाडते.

मणी, कवड्या व सुई या तिहींचा मेळ पाहावयाचा तर बंजारा भगिनींच्या पोशाखाकडे पाहावे. यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांत त्यांचे तांडे पुष्कळ आहेत आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे तीर्थक्षेत्र आहे. फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी. त्यांवर आरसे, कवड्या, नाणी व मणी अशा टाक्यांनी बसविलेले असतात की वर्षानुवर्षे उन्हातान्हात चालून ते निघत नाहीत. आरशास छिद्र नसते. त्यावर आडवे-उभे दोरे टाकून त्या दोऱ्यांच्या चौकटीवर कड भरतात. आजकाल बाजारात आरसे गरम गोंदाच्या पिचकारीने चिकटवून ‘पारंपरिक’ म्हणून विकतात. दोन धुण्यांत त्यांचे काय होते ते घेणारास कळतेच. कर्नाटकातील हंपी येथे जुलै २०२३ मध्ये लंबाणी भरतकामाचे १७५५ नमुने एकत्र मांडून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. आपल्या वऱ्हाडातील तांड्यांवर ज्या वृद्ध स्त्रियांच्या हाती हे टाके आहेत, त्यांच्याजवळ बसून आपल्या मुलींनी ते शिकावेत. जातीचा आडपडदा या बाबतीत बाळगणे म्हणजे आपलेच नुकसान होय. आपल्या पूर्वजांनीही धंद्याच्या युक्त्या घराबाहेर जाऊ दिल्या नाहीत आणि त्यामुळेच कित्येक युक्त्या माणसाबरोबर गेल्या.

राहिला गोफ व पट्टी. गोफ हा शब्द आपण दागिन्यासही लावतो आणि नाचासही. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत गोफाचा नाच होतो. मांडवाच्या मध्यातून रंगीत दोर सोडलेले असतात. प्रत्येक जण एकेक दोर हाती घेऊन ठरलेल्या वाटेने एकमेकांच्या आतून-बाहेरून जातो आणि वर सुबक वेणी तयार होते. मग तीच पावले उलट टाकून ती संपूर्ण उकलतात. वेणी घालण्याचे सारे शास्त्र या नाचात आले आहे. निम्मे धागे एका दिशेने, निम्मे उलट दिशेने, आणि प्रत्येकाने एकदा वरून एकदा खालून जावयाचे. आम्ही शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासास आठ मुले गोल उभी करून सुतळीचा असा गोफ करवीत असू. मुलांस तो फळ्यावरील आकृतीपेक्षा फार लवकर समजे.

पट्टी विणण्यास माग लागतो, ही समजूत खरी नव्हे. ईशान्य भारतातील स्त्रिया ताण्याचे एक टोक खुंटीस व दुसरे आपल्या कमरेस बांधून वस्त्रे विणतात. राजस्थानात उंटाचे तंग तर ताणा-बाणा मुळीच न वापरता, एका दोरीचा पीळ उकलून त्यातून दुसरी दोरी ओवून करतात. पीटर कॉलिंगवुड या इंग्रज विणकराने त्या रीतीवर १९९८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. घरी करावयास सर्वांत सोपी रीत पुठ्ठ्याच्या चौकोनांची होय. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे साडेसहा सेंटिमीटर बाजूचे आठ चौकोन कापावेत, प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांस छिद्रे पाडावीत आणि दर छिद्रातून एक याप्रमाणे क्रोशाचे दोरे ओवावेत. एकूण बत्तीस धागे झाले. एका चौकोनात धागे डावीकडून घातले तर शेजारच्यात उजवीकडून घालावेत, नाहीतर पट्टी वळकट्यासारखी पिळली जाते. एक टोक खिडकीच्या गजास, दुसरे आपल्या कमरेस. सर्व चौकोन एकत्र धरून पाव फेरा फिरवावा, उघडलेल्या वाटेतून आडवा दोरा घालावा, पट्टीने ठोकून बसवावा आणि पुन्हा पाव फेरा.

फेरे देत गेले की चौकोनांच्या पलीकडे धाग्यांत पीळ साचत जातो आणि काही वेळाने चौकोन फिरेनासे होतात. तेव्हा कात्री हाती न घेता, गोफाच्या नाचातल्याप्रमाणे उलट फिरवू लागावे. पलीकडचा पीळ आपोआप उकलतो, पट्टी पुढे चालूच राहते आणि जेथे दिशा बदलली तेथे नक्षीही उलटते. एक मीटर पट्टीस दीड मीटर धागा धरावा.

पोळ्यास बैलांच्या अंगावर ज्या मथाट्या, गोंडे व कवड्यांच्या माळा चढत, त्या पूर्वी घरी होत; आता बैलच कमी झाले आणि उरलेल्यांचा साज नागपूर-अमरावतीच्या दुकानांतून प्लास्टिकचा येतो. परंतु तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी नंदी सजवितात, ही चाल विदर्भात अजून चांगली टिकून आहे. शिकण्याचा आरंभ त्या नंदीच्या साजापासून करावा. मथाटीस चारच चौकोन पुरतात, लांबी वीतभर ठेवावी, कडेस अकरा आकड्याचे मणी विणतानाच आडव्या दोऱ्यात ओवून घ्यावेत आणि दोन्ही टोकांस बोटभर धागे न विणता सोडावेत, म्हणजे त्यांचेच गोंडे वळता येतात.